सुभेदारांच्या वाटेने : होळ ते आलमपूर

पहिला दिवस : होळ आणि जेजुरी

पानिपतच्या रणांगणातून १४ जानेवारी १७६१ रोजी आपले घोडदळ घेऊन निघून गेलेला सरदार, एवढ्याच ओळखीवर सुभेदार मल्हारराव होळकरांचा निकाल लावणारे लोक महाराष्ट्रात पुष्कळ आहेत आणि माझे थोरले बंधू त्यांपैकीच एक. चाळीस वर्षांहून अधिक काळ खोगिरावर काढलेल्या माणसाचा हिशेब एका दुपारवर मांडावा, हे मला कधीच पटलेले नाही. म्हणून त्यांच्या जन्मगावापासून ते जिथे वारले त्या गावापर्यंत एकदा सलग जाऊन यायचे, असे मनात होते. या पौषात तो योग आला आणि वाद घालण्याची पूर्ण तयारी करून दादाही बरोबर निघाला.

नीरेच्या काठी होळ गावाच्या परिसरात पोहोचलो तेव्हा उसाचा हंगाम ऐन भरात होता. उसाच्या वाढ्याने लगडलेल्या बैलगाड्या, मळीचा आंबूस वास आणि नदीवरून येणारा बोचरा वारा. याच गावावरून घराण्याला होळकर हे नाव पडले. मल्हाररावांचा जन्म १६९३चा. वडील खंडोजी लवकर गेले आणि आई लहानग्या मल्हारीला घेऊन खानदेशात तळोद्याला भावाकडे गेली. हा भाऊ, भोजराज बारगळ, कदम बांडे यांच्याकडे घोडेस्वारांचे पथक बाळगून होता. भाचा आधी मेंढरे राखत होता, मग मामाच्या पथकात घोड्यावर बसला आणि पुढे मामाचीच मुलगी गौतमा त्याची पत्नी झाली.

रस्त्याकडेच्या रसवंतीवर एक वयस्क गृहस्थ बसले होते. आम्ही कशासाठी आलो ते कळताच त्यांनी आम्हाला बसवून घेतले. झोपलेल्या मल्हारीवर नागाने फणा धरल्याची कथा त्यांनी मोठ्या प्रेमाने सांगितली. दादाने पानिपतचा विषय काढल्यावर मात्र त्यांचा आवाज बदलला. "पळून आले म्हणत्यात, पाव्हणं. मान्य करू. पर आल्यावर घरी बसले का, ते इचारा की त्या म्हणणाऱ्यास्नी." हा प्रश्न मला पुढच्या साऱ्या प्रवासात उपयोगी पडला.

दुपारनंतर जेजुरीला गेलो. खंडोबा हे होळकरांचे कुलदैवत आणि मल्हारी हे त्याचेच नाव. गडावरच्या तटबंदीत आणि ओवऱ्यांत या घराण्याचा पैसा आणि भक्ती दोन्ही दिसतात. पण गडावर गर्दी करणारे बहुतेक लोक जिथे फिरकत नाहीत, ते होळकर तलावाच्या बाजूचे मल्हार गौतमेश्वराचे मंदिर मला अधिक महत्त्वाचे वाटले. मल्हारराव आणि गौतमाबाई यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या या मंदिरात शिवलिंगाच्या मागे मल्हाररावांची मूर्ती आहे आणि तिच्या सोबतीला त्यांच्या पत्नींच्या मूर्ती आहेत. पोशाखाचे बारकावे शिल्पकाराने इतके जपले आहेत की अठराव्या शतकातला मराठा सरदार कसा दिसत असेल, ते इथे समोरासमोर पाहता येते. मी बराच वेळ उभा राहून पागोटे आणि अंगरखाच न्याहाळत होतो.

गौतमाबाईंचे नाव मंदिराला आहे, हे योग्यच झाले. १७३४ साली पेशव्यांनी त्यांच्या नावाने वेगळा खासगी सरंजाम लावून दिला. होळकरांच्या कारभारात दौलत म्हणजे राज्याचे उत्पन्न निराळे आणि खासगी म्हणजे घरचे उत्पन्न निराळे ही रीत पडली ती तेव्हापासून. पुढे अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत जी मंदिरे, घाट आणि धर्मशाळा उभारल्या, त्यांचा खर्च या खासगीतून झाला. तलवारीने मिळवलेल्या मुलखाची एक बाजू अशी घरच्या बाईच्या हाती राहिली, ही त्या काळातली फार मोठी गोष्ट आहे.

जेजुरीला जाणाऱ्यांनी शक्यतो सूर्योदयालाच पायऱ्या चढाव्यात. थंडीत दव पडून भंडाऱ्याने माखलेल्या पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा वयस्क माणसांना हात धरून न्यावे. कपडे पिवळे होणारच, त्यामुळे जुने घालावेत. रविवार आणि सोमवती अमावास्या टाळल्यास गौतमेश्वराचे मंदिरही निवांत पाहता येते.

दुसरा दिवस : वाफगाव आणि चांदवड

पुण्याला मुक्काम करून सकाळी राजगुरुनगरमार्गे वाफगावला गेलो. होळकरांचा हा भुईकोट आतून पाहताना मन खिन्न होते, कारण बुरूज आणि तट भक्कम असले तरी वाड्यांची पडझड लपत नाही. कित्येक वर्षे इथे शाळा भरत आली, त्यामुळे निदान वास्तूत मुलांचा वावर राहिला. मल्हाररावांच्या हाताखाली तयार झालेल्या तुकोजी होळकरांचे पुत्र यशवंतराव यांचा जन्म इथला, १७७६चा. तेही घोडदळाचेच सेनापती आणि तेही तितकेच वादग्रस्त. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्रित फौजेचा त्यांनी पराभव केला, दुसरे बाजीराव पळाले आणि त्यातून इंग्रजांशी वसईचा तह झाला. पण त्याच यशवंतरावांनी दोन वर्षांत इंग्रजांना उत्तरेत सळो की पळो करून सोडले. त्यांच्यावर स्वतंत्र प्रवास करावा लागेल, म्हणून इथे अधिक लिहीत नाही.

चांदवडला पोहोचेपर्यंत दुपार कलली होती. रेणुकामातेचे मंदिर डोंगराच्या कुशीत आणि गावात होळकरांचा रंगमहाल. या महालाचे लाकडी खांब पाहायला लांबून यावे. जवळ जाऊन पाहिले तर खांबाच्या माथ्यावरची नक्षी अजून धारदार आहे आणि भिंतींवर जागोजागी जुन्या चित्रांचे रंग तग धरून आहेत. होळकरांची टांकसाळही चांदवडला होती आणि इथला चांदवडी रुपया दूरवर चालत असे.

रात्री पिठले, बाजरीची भाकरी आणि लसणाचा ठेचा समोर आला आणि त्या ताटावर दादाशी पहिला खरा वाद झाला. निमित्त होते पालखेडचे. १७२८च्या फेब्रुवारीत थोरल्या बाजीरावांनी निजामाला पालखेडजवळ कोंडीत पकडले. निजामाजवळ उत्तम तोफखाना होता. मराठ्यांनी मोठी लढाई दिलीच नाही. त्याला मुलखातून फिरवून दमवले, रसद तोडली, पाण्यापासून दूर अडवले आणि शेवटी त्याने मुंगी-शेवगावचा तह पत्करला. या मोहिमेत शत्रूच्या हालचालींवर नजर ठेवण्यात आणि त्याची रसद कापण्यात मल्हारराव पुढे होते. जड तोफा ओढणारी फौज त्या तोफांचीच कैदी होते, हा धडा त्यांनी पस्तिशीत प्रत्यक्ष पाहिला होता. दादाचे म्हणणे असे की हा धडा जन्मभर गिरवणे म्हणजे काळाच्या मागे राहणे. त्याच्या या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मल्हाररावांना स्वतःलाही अखेर कळले असावे, असे पुढे आलमपूरला मला वाटले.

तिसरा दिवस : महेश्वर

मुंबई-आग्रा रस्त्याने मालेगाव, धुळे, शिरपूर मागे टाकत सेंधव्याचा घाट चढलो. हा रस्ता गुळगुळीत झाला असला तरी वाट मराठी फौजांची जुनीच आहे. खलघाटला नर्मदा लागली, तेव्हा गाडी बाजूला घेऊन आम्ही खाली उतरलो. १७२८च्या नोव्हेंबरात चिमाजी आप्पांच्या फौजेने माळव्यात उतरून अमझेऱ्याला मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला, तो लढाईत मारला गेला. त्यानंतर काही वर्षांत माळव्याची वाटणी होऊन होळकर, शिंदे आणि पवार ही तीन घराणी तिथे कायमची रुजली. जो मुलगा तळोद्याला मेंढरे राखत होता, तो चाळिशीत या नदीपलीकडच्या मुलखाचा सुभेदार झाला.

महेश्वरच्या किल्ल्यातला राजवाडा नावाने राजवाडा, प्रत्यक्षात एखाद्या सधन देशमुखाच्या वाड्यासारखा साधा आहे. अहिल्याबाईंची गादी, पालखी, शस्त्रे आणि देवघर पाहून आम्ही घाटावर उतरलो. दुपारच्या उन्हात नदीचे पाणी हिरवट दिसत होते. घाटाच्या दगडी भिंतीवरच्या हत्ती-घोड्यांच्या ओळींवरून मी हात फिरवला तर दगड उन्हाने कोमट झालेला होता.

इथे मल्हाररावांचे स्वतःचे फार काही नाही, कारण राजधानी इथे आली ती त्यांच्या मागे. तरीही त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे काम मला इथेच दिसले. चौंडीच्या माणकोजी शिंदे यांच्या मुलीला त्यांनी सून करून आणले आणि तिला हिशेब, पत्रव्यवहार, फौजेची बेगमी हे सारे शिकवले. १७६५ साली मोहिमेवरून तिला लिहिलेल्या पत्रात सासरा सांगतो की चंबळ ओलांडून ग्वाल्हेरीस जावे, तोफखाना सांभाळावा आणि त्याच्या दारूगोळ्याची तरतूद करावी. पत्राचा सारा सूर एखाद्या भरवशाच्या सरदाराला हुकूम द्यावा तसा आहे.

किल्ल्याच्या उतारावर एका विणकराच्या घरी गेलो. मागावर राखाडी रंगाची साडी चढलेली होती आणि काठाला घाटावरच्या दगडातलीच नक्षी. "ये किनार दोनों तरफ से एक जैसी है, भैया, उलटी-सीधी कुछ नहीं," असे म्हणत त्यांनी काठ उलटून दाखवला. अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून इथे वसवले, त्यांतल्याच एका घराचे आपण वंशज, हे त्यांनी इतक्या सहजपणे सांगितले की अडीचशे वर्षे हा काळ फारसा मोठा वाटेना.

महेश्वरला एक रात्र तरी राहावे. सकाळी वाड्याच्या आवारात मातीची छोटी शिवलिंगे करून पूजा होते आणि मग ती नर्मदेत सोडली जातात, ते दर्शन दिवसभराच्या सहलीत हुकते. साडी घ्यायची असेल तर विणकरांकडून किंवा हातमागाच्या संस्थेतून घ्यावी. बाजारात यंत्रमागाचा मालही याच नावाने विकला जातो.

चौथा दिवस : इंदूर

इंदूरला आमच्या नात्यातले एक कुटुंब तीन पिढ्या राहत आहे. त्यांची मराठी ऐकत राहावी अशी, हिंदीच्या लयीत चालणारी आणि जुने शब्द जपून ठेवलेली. सकाळी शेव आणि जिरावन घातलेले पोहे व जिलबी, रात्री सराफ्यात तळलेला गराडू, या दोहोंच्या मध्ये राजवाडा पाहिला.

सात मजल्यांच्या या वाड्याचे खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी. मल्हाररावांनी १७४७च्या सुमारास काम सुरू केले. १८०१ साली शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले तेव्हा तो जळला, विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा आग लागली आणि १९८४च्या दंगलीत मागचा भाग भस्मसात झाला. आता दुरुस्ती झाली आहे. शिंदे आणि होळकर ही दोन घराणी एका ध्वजाखाली उत्तरेत गेली आणि त्यांतल्या एकाने दुसऱ्याचा वाडा जाळावा, हे त्या दरवाजाखाली उभे राहून आठवले की फार वाईट वाटते. या वैराचे मूळ जिथे आहे तिथेच आम्ही रात्रीच्या गाडीने निघालो.

पाचवा दिवस : कुम्हेर आणि गांगरसोली

कोट्याच्या पुढे धुक्याने गाडी रखडली आणि भरतपूरला उतरायला सकाळऐवजी दुपार झाली. उत्तरेत पौष-माघात जाणाऱ्यांनी अशा प्रवासात एक दिवस हाताशी मोकळा ठेवावा, म्हणजे जीव टांगणीला लागत नाही. आमचा तसा होता, पण उजेड थोडाच उरला होता, म्हणून न जेवताच कुम्हेर गाठले.

सपाट, मोहरीने पिवळ्या झालेल्या रानात कुम्हेरचा किल्ला उठून दिसतो. १७५४च्या जानेवारीत रघुनाथरावांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी जाटांचा राजा सूरजमल याला इथे वेढले. खंडणीचा आकडा जुळेना. मार्चमध्ये मल्हाररावांचे एकुलते एक पुत्र खंडेराव मोर्चे पाहत असताना किल्ल्यावरून आलेला तोफगोळा लागून ठार झाले. सूरजमलचे मस्तक कापीन आणि कुम्हेरची माती यमुनेत टाकीन, नाही तर प्राण देईन, अशी प्रतिज्ञा साठी ओलांडलेल्या बापाने केल्याचे सांगतात. तिकडे किल्ल्यातून सूरजमलच्या राणीने जयाप्पा शिंद्यांकडे पतीची पगडी पाठवून संरक्षण मागितले. जयाप्पांनी पगडी स्वीकारली, तहाचा आग्रह धरला आणि मे महिन्यात वेढा उठला. मल्हाररावांच्या मनात शिंद्यांविषयी जी अढी बसली, ती पुढे पुरती गेलीच नाही.

खंडेरावांची छत्री जवळच गांगरसोली गावात आहे. रस्ता विचारत गेलो तर एका शेतकऱ्याने स्वतःची मोटारसायकल पुढे घालून आम्हाला तिथवर पोहोचवले. "बाहर से कोई कोई आता है, इंदौर वाले आते हैं," तो म्हणाला. आम्ही महाराष्ट्रातून आलो हे ऐकून त्याने घरून कुल्हडात गरम दूध आणवले. थंडी अशी होती की बोटे कुल्हडाभोवतीच राहिली.

या छत्रीपाशी दोन गोष्टी एकदम आठवतात. पहिली अशी की, पतीच्या मागे सती जायला निघालेल्या अहिल्याबाईंना मल्हाररावांनी अडवले. एका मुलाचा बाप म्हणून जे काही उरले होते ते त्यांनी सुनेत पाहिले. रूढी मोडून तिला थांबवायला लागणारे धैर्य रणांगणावरच्या धैर्याहून वेगळे असते आणि मला तरी ते अधिक दुर्मीळ वाटते. दुसरी गोष्ट जाटांची. ज्या मुलखाची माती यमुनेत टाकायची होती, त्याच मुलखाने सात वर्षांनी पानिपतहून जीव घेऊन आलेल्या हजारो मराठ्यांना अन्न, वस्त्र आणि औषधपाणी दिले. सूरजमल आणि त्याच्या राणीचे हे उपकार मराठी माणसाने विसरू नयेत. दादा आणि मी, दोघांनीही छत्रीला नमस्कार केला. या बाबतीत आमचा वाद नव्हता.

भरतपूरपासून कुम्हेर अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. डीगचे जलमहाल त्याच रस्त्याने पुढे आहेत आणि ते अवश्य पाहावेत. गांगरसोलीसाठी मात्र स्थानिक माणूस सोबत घ्यावा.

सहावा दिवस : पानिपत

पानिपतला पोहोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते, पण धुके इतके दाट होते की काला आंबचे स्मारक हातभर अंतरावर येईपर्यंत दिसले नाही. लालसर दगडाचा स्तंभ, भोवती बाग आणि पूर्ण शांतता. अशाच थंडीत, दोन महिने कोंडलेली, जनावरांना चारा नाही आणि माणसांना दाणा नाही अशी फौज संक्रांतीला बाहेर पडली.

दादाने इथे आपली बाजू नीट मांडली आणि ती मी प्रामाणिकपणे लिहितो. मराठी फौजेचे सेनापती सदाशिवराव भाऊ म्हणजे भाऊसाहेब यांनी तोफखान्याचा प्रमुख इब्राहिमखान गारदी याच्या सल्ल्याने गोलाची लढाई ठरवली होती, म्हणजे तोफा आणि पायदळ पुढे, बगलांवर घोडदळ, मध्ये बायका-मुले आणि बुणगे. अशा रचनेत प्रत्येकाने आपली जागा धरून राहणे हाच तिचा प्राण असतो. उजव्या बगलेवर शिंदे आणि होळकर होते, समोर अफगाण बादशहा अब्दालीच्या बाजूचा रोहिला सरदार नजीबखान. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर गर्दीत शिरले आणि फौजेचा धीर सुटला. मल्हारराव आपले घोडदळ घेऊन बाहेर पडले. त्याच बगलेवरचे जनकोजी शिंदे, विशीही न ओलांडलेले, जखमी होऊन शत्रूच्या हाती लागले आणि मारले गेले. "एकाच बगलेवर दोघे होते," दादा म्हणाला, "मग एक राहिला आणि दुसरा गेला, याला तू काय म्हणशील?"

हा प्रश्न वजनदार आहे. डाव हरल्यावर मल्हारराव निघाले की ते निघाल्यामुळे डाव हरला, यावरच सारा वाद आहे आणि त्यांच्या बाजूने असे सांगितले जाते की प्रसंग पडल्यास बायकांना घेऊन निघावे, अशी भाऊसाहेबांचीच सूचना होती. मला या सबबीपेक्षा आधीच्या सल्ल्याचे मोल अधिक वाटते. जड तोफा आणि कुटुंबकबिला चंबळेच्या अलीकडे ठेवून हलक्या घोडदळाने गनिमी काव्याने लढावे, असे मल्हारराव आणि सूरजमल दोघांनीही सुचवले होते. उदगीरच्या विजयाने तोफखान्यावर भिस्त बसलेल्या भाऊसाहेबांना ते रुचले नाही. पालखेडला निजाम ज्या जाळ्यात सापडला, त्याच जाळ्यात आपली फौज शिरताना मल्हारराव पाहत होते. ज्या लढाईवर विश्वास नाही ती लढाई शेवटच्या श्वासापर्यंत लढणारा वीर ठरतो आणि बळ वाचवून मागे फिरणारा पळपुटा. गनिमी काव्यात वाढलेल्या सरदाराला मात्र मागे फिरणे हे लढण्याचेच अंग होते.

माझ्या मते मल्हाररावांचा खरा दोष या मैदानावरचा नाही. तो नजीबखानाचा आहे. १७५७ साली दिल्लीत नजीब रघुनाथरावांच्या हाती सापडला होता. मल्हाररावांनी त्याला मुलगा मानून सोडवले. नजीब संपला तर पेशवे आपल्याला धोतरे बडवायला लावतील, असा सल्ला बखरीत त्यांच्या तोंडी आहे. तो शब्दशः खरा असो वा नसो, उत्तरेतला एक शत्रू शिल्लक ठेवून आपली गरज टिकवायची, हे त्यांचे धोरण कृतीतून दिसते. त्याच नजीबाने अब्दालीला बोलावणे धाडले. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे नजीबाच्या फौजेशी लढताना पडले, आणि वर्षभराने पानिपत घडले. इतके होऊनही १७६४-६५ साली सूरजमलचा मुलगा जवाहिरसिंग याने नजीबावर दिल्लीत चाल केली, तेव्हा मदतीला गेलेल्या मल्हाररावांनी पुन्हा हात आखडता घेतला. या गोष्टीचे समर्थन मला करता येत नाही आणि मी ते दादापुढेही केले नाही.

स्मारकाबाहेर चहाच्या टपरीवर रोड समाजातले एक प्रौढ गृहस्थ भेटले. या भागातील रोड लोक स्वतःला पानिपतानंतर इथेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. "महाराष्ट्र से हो, तो घर के ही हुए," असे म्हणून त्यांनी आम्हाला घरी नेले आणि तूप-गूळ घातलेली बाजरीची खिचडी वाढली. होळकरांचे नाव घेतल्यावर ते रागावतील, अशी माझी धास्ती होती. ते म्हणाले, "जो लौट गया, उसने भी तो बाद में लड़ाई लड़ी." होळच्या रसवंतीवरच्या म्हाताऱ्यांचेच हे म्हणणे, नीरेपासून इतक्या दूर.

आणि ते खरेच आहे. पानिपतानंतर जयपूरच्या माधोसिंगाने मराठ्यांना उत्तरेतून कायमचे घालवण्याचा बेत केला, तेव्हा १७६१च्या नोव्हेंबरात मांगरोळजवळ सत्तरीला टेकलेल्या मल्हाररावांनी त्याच्या फौजेचा पराभव केला. १७६३ साली राक्षसभुवनाच्या विजयातही ते माधवराव पेशव्यांच्या बाजूला होते. पानिपतात ते पडले असते तर त्या वर्षी चंबळेच्या पलीकडे मराठ्यांचे नाव घेणारे वजनदार माणूस कोण उरले होते, याचे उत्तर दादाकडे नव्हते.

दिल्लीहून पानिपत सकाळी लवकर निघून संध्याकाळी परत येण्याजोगे आहे. स्मारकासोबत शहरातले संग्रहालय पाहावे. १४ जानेवारीला इथे महाराष्ट्रातून येणाऱ्यांची गर्दी असते, निवांत पाहायचे असेल तर तो दिवस सोडून जावे.

सातवा दिवस : आलमपूर

ग्वाल्हेरला उतरून मोटारीने भिंड जिल्ह्यातल्या आलमपूरकडे निघालो. गहू आणि हरभऱ्याची शेते, मध्येच दऱ्याखोऱ्यांनी चिरलेली जमीन आणि अरुंद रस्ते. धुके विरळ झाले होते, ऊन पाठीला बरे वाटत होते.

मल्हाररावांच्या शेवटच्या मोहिमा याच टापूतल्या. १७६५च्या मे महिन्यात अवधच्या शुजाउद्दौल्याच्या मदतीला जाऊन त्यांनी कोरा-जहानाबादजवळ इंग्रजांशी गाठ घेतली आणि तिथे इंग्रजांच्या शिस्तबद्ध तोफखान्यापुढे त्यांचे घोडदळ टिकले नाही. अहिल्याबाईंना तोफांच्या बेगमीविषयी जे पत्र गेले ते याच वर्षीचे आहे. म्हातारपणी, पालखेडचा धडा पुरेसा नाही हे उमगलेल्या सेनापतीने नव्या युद्धाची तयारी सुनेच्या हाती सोपवली, असे मी त्या दोन गोष्टी जोडून वाचतो. दादाला हा जोड थोडा ओढूनताणून वाटतो.

२० मे १७६६ रोजी आलमपूरला त्यांचे निधन झाले. अहिल्याबाईंनी बांधवलेली छत्री कोरीव दगडाची आहे आणि गावाच्या मानाने ती फार भव्य वाटते. चोहोबाजूंनी दुसऱ्यांची राज्ये असतानाही हा छोटा परगणा होळकरांनी शेवटपर्यंत आपल्याकडे ठेवला, तो या छत्रीसाठीच. आम्ही गेलो तेव्हा आवारात दोन म्हाताऱ्या स्त्रिया मटार सोलत ऊन खात बसल्या होत्या. "सूबेदार साहब की है," एवढेच त्या म्हणाल्या आणि आमच्या ओंजळीत मूठमूठ कोवळे मटार दिले.

सुभेदार गेल्यावर गादी नातू मालेराव यांना मिळाली आणि वर्षभरातच तेही वारले. रक्ताचा पुरुष वारस उरला नाही. दिवाण गंगाधर चंद्रचूड याने दत्तकाचा घाट घालून रघुनाथरावांना फौजेसह बोलावले. अहिल्याबाई मागे हटल्या नाहीत, माधवराव पेशव्यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला आणि कारभार त्यांच्याकडे, फौज तुकोजी होळकरांकडे अशी विभागणी झाली. तुकोजी मल्हाररावांच्या रक्ताचे नव्हते, पण त्यांच्याच हाताखाली तयार झालेले होते. म्हणजे १७६७ ते १७९५ या काळात होळकरांचे राज्य ज्या दोघांनी चालवले, त्या दोघांनाही याच माणसाने निवडून घडवले होते.

आलमपूरला जेवणाखाणाची किंवा मुक्कामाची सोय गृहीत धरू नये. डबा बरोबर न्यावा, ग्वाल्हेर किंवा झाशीला राहावे आणि अंधार पडण्याआधी परत फिरावे, कारण आतले रस्ते रात्री कठीण आहेत. वेळ कमी असेल तर इंदूर आणि महेश्वर पुढच्या खेपेसाठी ठेवले तरी चालेल, पण पानिपतला जाण्याआधी कुम्हेर पाहावेच. मुलाची छत्री आधी पाहिलेल्या माणसाला काला आंबपाशी बापाविषयी निकाल द्यायला जरा अधिक वेळ लागतो, दादालाही लागला.